यवतेश्वरचा घाट आणि माझा गुडघा

सातारा शहरात समर्थ मंदिराचा चौक मागे पडला की रस्ता वर चढू लागतो. हा यवतेश्वरचा घाट. कासच्या पठारावरची फुले पाहायला जाणाऱ्या मोटारी आता याच रस्त्याने जातात, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या पुष्कळ लोकांना तो ठाऊक आहे. मला मात्र तो ठाऊक झाला माझ्या वडिलांच्या बोलण्यातून. आमचे मूळ गाव या घाटाच्या वर, कासच्या वाटेला. अण्णा दहा-बारा वर्षांचे असताना आजीबरोबर जळणाची मोळी डोक्यावर घेऊन भल्या पहाटे हा घाट उतरत, पेठेत मोळी विकत आणि मीठ-मिरची घेऊन दुपारच्या उन्हात पुन्हा चढत. पुढे ते मुंबईला आले, मस्जिद बंदरच्या धान्यबाजारात माथाडी झाले. बाजार वाशीला हलला तसे तेही वाशीला जाऊ लागले. त्या काळी धान्याचे पोते शंभर किलोचे असे. साठी गाठायच्या आत त्यांचे दोन्ही गुडघे निकामी झाले. आज ते पंचाहत्तरी ओलांडून बसले आहेत. 'बसले आहेत' हे शब्दशः खरे आहे.

याच घाटात २०१२ सालापासून दर पावसाळ्यात सातारा हिल हाफ मॅरेथॉन भरते. एकवीस किलोमीटरची दौड. शहरातून निघायचे, घाट चढून कास रस्त्याने वर जायचे आणि वळसा घेऊन त्याच वाटेने परत यायचे. मी या दौडीत नाव घालणार हे अण्णांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "पैसं भरून घाट चढतोयस व्हय रं? आम्ही तर फुकट चढत हुतो."

त्यांना काय उत्तर द्यावे हे मला आजही सुचलेले नाही. पण धावणे माझ्या आयुष्यात कसे आले ते सांगतो, म्हणजे गुडघ्याची हकिकत नीट कळेल.

मी सरकारी कचेरीत कारकून आहे. आवक-जावक नोंदवही, टिपणी, फाइल, आणि सकाळ-संध्याकाळ लोकलचा प्रवास. ठाण्याच्या वागळे इस्टेटच्या बाजूला आमची वस्ती आहे. वस्तीतली मुले-मुली पोलीस भरतीच्या तयारीला लागली तेव्हा त्यांना सकाळी मैदानावर घेऊन जाणारे कोणीतरी मोठे माणूस हवे होते. मंडळात मी होतो, म्हणून काम माझ्याकडे आले. भरतीत मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर धावावे लागते, हे वाचकांना माहीत आहेच. सुरुवातीला मी घड्याळ घेऊन नुसता उभा राही. एके दिवशी एक पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही पण चला की!" गेलो. दोनशे मीटरमध्ये जीव कंठाशी आला. त्या वेळी मी चाळिशी नुकतीच ओलांडली होती, पोट सुटले होते आणि रक्तातली साखर काठावर होती.

वर्षभरात मी सलग पाच किलोमीटर धावू लागलो, मग आठ, मग दहा. उपवन तलावापासून येऊरच्या डोंगरावर जाणारा रस्ता आमचा सरावाचा. सकाळी तिथे गारवा असतो, झाडी असते, वनखात्याच्या नाक्यापुढे रस्ता चांगलाच अंगावर येतो. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई मॅरेथॉनची अर्धी दौड मी पुरी केली. पेडर रोडच्या चढावर सुद्धा थांबलो नाही. गळ्यात पदक घालून घरी आलो तेव्हा गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटे कशाला सांगू, डोक्यात हवा गेली.

पुढची चूक माझी मीच केली. आठवड्याला वीस किलोमीटर धावणारा माणूस मी, साताऱ्याच्या ओढीने महिन्याभरात चाळीस-पंचेचाळीसवर गेलो. बी.कॉम. झालेल्या माणसाला हा ताळेबंद कळायला हवा होता. त्यात येऊरचा उतार मी पाय सोडून भरधाव उतरत असे. चढताना गेलेला वेळ उतारावर भरून काढायचा, असा माझा हिशेब. बूटही झिजून एका बाजूला कललेले.

जूनमध्ये उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला बारीक कळ येऊ लागली. मी ती लपवली. घरी बोललो असतो तर धावणे बंद झाले असते, आणि मुलांसमोर बोललो असतो तर त्यांचा काका मागे पडला असता. बाम चोळला, क्रेप बँडेज बांधले, औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणून तोंडात टाकली आणि धावत राहिलो. गोळीने कळ दबते, कळीचे कारण तसेच राहते. तीन आठवड्यांत गुडघा सुजला. संडासात उकिडवे बसवेना. ठाणे स्टेशनच्या पुलाचा जिना मी कठडा धरून खेकड्यासारखा आडवा उतरू लागलो. एक दिवस जिन्यात मागच्या माणसाने "ओ आजोबा, बाजूला व्हा" असे म्हटले. मी चाळीस आणि काही वर्षांचा होतो.

त्या रात्री सौभाग्यवतीने विचारले, "अण्णांसारखं उतरायला लागलात, किती दिवस झाले?" तिला सगळे आधीच दिसले होते.

एका खाजगी दवाखान्यात गेलो. एमआरआय काढला. गुडघ्यातली गादी फाटली आहे, दुर्बिणीतून ऑपरेशन करून घ्या, असे सांगून त्यांनी खर्चाचा आकडा लिहिलेला कागद हातात दिला. आकडा माझ्या काही महिन्यांच्या पगाराचा होता. मी पतपेढीत कर्जाची चौकशी करून आलो. मग कचेरीतल्या एका सहकाऱ्याने अडवले. म्हणाला, आधी सरकारी रुग्णालयात दाखव, मग काय ते ठरव.

सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात तीन तास रांगेत उभा राहिलो आणि तिथून फिजिओथेरपी विभागात पाठवणी झाली. तिथल्या बाईंनी एमआरआयचा कागद बाजूला ठेवला आणि मला एका बुटक्या स्टुलावर चढवले. "आता एका पायावर हळूहळू खाली उतरा." डाव्या पायाने उतरलो. उजव्याने उतरताना गुडघा आत वळला, थरथरला, आणि मी धपकन खाली आलो. त्या म्हणाल्या, "तुमच्या मांडीत आणि कमरेखाली ताकदच नाही. दिवसभर खुर्चीत बसता आणि सकाळी उठून डोंगर उतरता. गुडघा मध्ये सापडला."

त्यांनी जे समजावले ते इथे सांगतो, कारण आपल्या घरोघरी दुखते गुडघे आहेत. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. त्यांना मेनिस्कस म्हणतात. धक्का झेलणे आणि भार पसरवणे हे त्यांचे काम. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्त पोचते, आतल्या भागाला जवळजवळ नाहीच, म्हणून आतली फाट सहजी भरून येत नाही. पण चाळिशीनंतर अशी झिजेची फाट पुष्कळांच्या गुडघ्यात असते आणि अनेकांना ती कधी दुखतही नाही. फिनलंडमध्ये १४६ रोग्यांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांच्या गादीचा फाटका भाग खरोखर कापला, उरलेल्यांवर ऑपरेशनचा नुसता देखावा केला. वर्षभराने दोन्ही गटांच्या दुखण्यात फारसा फरक नव्हता. याचा अर्थ ऑपरेशन कधीच करू नये असा नाही. गुडघा मध्येच अडकत असेल, सरळ होत नसेल, अपघाताने किंवा खेळताना एकदम पिळला गेला असेल, तर ती गोष्ट निराळी, आणि तिथे वेळ दवडू नये. माझे तसे नव्हते.

आणखी एक हिशेब त्यांनी सांगितला, तो मात्र माझ्या डोक्यात कायमचा बसला. जिना उतरताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे साडेतीन पट भार येतो. माझे वजन ७२ किलो. गुणाकार केला तर अडीचशे किलो होतात. अण्णांच्या भाषेत अडीच पोती, प्रत्येक पायरीला. आणि हा भार नुसता जिना उतरतानाचा, डोक्यावर काही नसताना! अण्णा तर शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत-उतरत. वर्षानुवर्षे. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी त्यांच्या पायांकडे बराच वेळ पाहत बसलो. त्यांना कोणी स्टुलावर चढवून पाहिले नव्हते. त्यांना कोणी व्यायाम सांगितला नव्हता. 'वय झालं' एवढेच सांगितले होते, आणि तेव्हा ते पंचावन्नचे होते.

चार महिने धावणे पूर्ण बंद. २०२३ ची साताऱ्याची दौड हुकली. रोज सकाळी पटांगणात मुले धावायची आणि मी कडेला सतरंजीवर आडवा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दहा सेकंद दाबायची, असे दहा वेळा. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा. पाठीवर झोपून कंबर उचलायची. भिंतीला पाठ टेकून अर्धे बसायचे. शेवटी पायरीवरून एका पायाने हळू उतरायचे, तेही आरशासमोर, म्हणजे गुडघा आत वळला की दिसतो. फार कंटाळवाणे काम. पहिल्या महिन्यात तर काही फरकच पडला नाही आणि मी दोनदा सोडून दिले. दोन्ही वेळा सौभाग्यवतीने टॉवेल आणून समोर टाकला.

होता होता वस्तीतल्या तीन-चार भगिनी शेजारी चटई टाकून बसू लागल्या. दुसऱ्यांच्या घरी खाली बसून लादी पुसणाऱ्या, चार-चार मजले चढणाऱ्या बाया. त्यांचे गुडघे माझ्याआधीच दुखत होते, त्यांनी कधी सांगितले नव्हते इतकेच.

धावल्याने गुडघे झिजतात असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. मलाही ती भीती होती. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे प्रसिद्ध झाले आहेत. हौसेने धावणाऱ्यांत गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात ३.५ टक्के लोकांना आढळला, बैठे जीवन असणाऱ्यांत १०.२ टक्के, आणि वरच्या दर्जाच्या स्पर्धांत धावणाऱ्यांत १३.३ टक्के. म्हणजे बसूनही झिजतो आणि अति केल्यानेही झिजतो. मधली वाट सापडायला मला दुखापत व्हावी लागली.

नोव्हेंबरात पुन्हा सुरुवात केली. एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे. बाईंचा नियम सोपा होता. धावल्यावर थोडे दुखले तर घाबरायचे नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत दुखणे पूर्वपदावर आले पाहिजे. नाही आले तर पुढच्या वेळी कमी करायचे. मी वहीत दोन रकाने आखले, जमा आणि खर्च. येऊरचा चढ मी धावत चढायचो आणि खाली यायचो टीएमटीच्या बसने! मुले हसायची. कंडक्टरही ओळखू लागला. मार्च-एप्रिलनंतर उतारही घेतला, आधी चालत, मग हळू. आणि त्या वेळी अण्णांनी खाटेवर बसल्या बसल्या एक गोष्ट सांगितली. "मोळी घेऊन उतरताना पाय टाकायचा न्हाई, ठेवायचा. बारकं पाऊल घ्यायचं, गुडघा ताठ करायचा न्हाई. माझी आई मागनं वरडायची, आपटू नगंस म्हणून." फिजिओथेरपीच्या बाईंनी मला हेच सांगितले होते. आजी कधी शाळेत गेली नव्हती.

२०२४ च्या पावसाळ्यात आम्ही साताऱ्याला निघालो. दौडीसाठी मी एकटा, पण भरतीची तयारी करणारा एक मुलगा आणि एक मुलगी हट्टाने बरोबर आली. शनिवारी पहाटे ठाण्याहून एसटी पकडली. खंबाटकीच्या घाटात पाऊस लागला. साताऱ्यात उतरलो, नातेवाइकांकडे पिशव्या टाकल्या आणि पोरांना राजवाड्याकडे घेऊन गेलो. बाबासाहेब १९०० साली ज्या शाळेत दाखल झाले ती पाहायची त्यांची इच्छा होती. मग कंदी पेढे खाल्ले, आणि समोर अजिंक्यताऱ्यावर ढग उतरलेले पाहत बसलो.

बसल्या बसल्या मी त्यांना खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. कराडजवळचे गोळेश्वर हे त्यांचे गाव, याच जिल्ह्यातले. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत त्यांनी ब्राँझ पदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पुढच्या ऑलिंपिकआधी खाशाबांचा गुडघा दुखावला आणि ती आशा तिथेच संपली. याच जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली, हेही सांगितले. मुलगी ललिताचे ऐकताना ताठ बसली होती. खाशाबांच्या गुडघ्याचे ऐकताना मात्र ती खाली पाहत होती. हे मला नंतर आठवले.

रविवारी सकाळी अंधारातच सातारा जागा होता. या दौडीचे खरे कौतुक धावणाऱ्यांचे नाही, साताऱ्याच्या लोकांचे. २०१५ साली डोंगरातल्या दौडीतल्या सर्वाधिक धावपटूंचा गिनीज विक्रम इथे झाला, पण मला भावले ते रस्त्याच्या कडेला छत्री धरून उभे असलेले म्हातारे-कोतारे, ढोल, लेझीम आणि अनोळखी माणसाला "चला पाहुणं, चला" म्हणणाऱ्या बाया. समर्थ मंदिरापर्यंत गर्दीने मला उचलूनच नेले.

घाट सुरू झाला आणि बोलणे बंद झाले. सगळीकडे नुसता श्वासांचा आवाज. उजव्या हाताला डोंगर, कड्यावरून पाण्याच्या धारा, आणि खाली धुक्याच्या फटीतून मधूनच दिसणारे शहर. चढ माझ्या छातीला जड गेला, गुडघ्याला नाही. यवतेश्वरच्या वर रस्ता जरा सपाट होतो, वारा अंगात शिरतो, दोन्ही बाजूला ओले हिरवे माळ. आमच्या गावाकडचा वास आला. ओली माती, शेण आणि चुलीचा धूर. वळसा घेतला तेव्हा मी ठीक होतो, इतका ठीक की आता उतारावर वेळ भरून काढावा असे पुन्हा मनात आले.

घाटाच्या माथ्यावर उजव्या गुडघ्यात आतल्या बाजूला ती जुनी कळ आली. अगदी बारीक. शेजारून माणसे वाऱ्यासारखी खाली जात होती, माझ्याहून वयस्कर माणसेसुद्धा. मी थांबलो. कठड्याला धरून दोन मिनिटे उभा राहिलो. खाली दिसणाऱ्या त्या वाटेने साठ-पासष्ट वर्षांपूर्वी एक बाई आणि एक पोर मोळ्या घेऊन उतरले होते. मी बारीक पाऊल घेतले. पाय टाकला नाही, ठेवला. सगळा घाट चालत उतरलो. खाली आल्यावर सपाटीला पुन्हा हळूहळू धावलो. घड्याळ थांबवले तेव्हा तीन तास उलटून बारा मिनिटे झाली होती. मुंबईपेक्षा जवळजवळ पाऊण तास जास्त.

तिथूनच अण्णांना फोन लावला. वेळ त्यांनी विचारली नाही. "गुडघा?" म्हणाले.

"दुखला थोडा. चालत उतरलो."

"बरं केलंस." थोडे थांबून म्हणाले, "वर पाऊस हाय का?"

"आहे."

परतीच्या एसटीत मुलगा झोपला होता. मुलगी खिडकीशी. वाई फाटा मागे पडल्यावर ती हळूच म्हणाली, "काका, माझा डावा गुडघा दोन महिने दुखतोय. उतरताना जास्त. भरती तोंडावर आली म्हणून बोलले नाही. गोळी खाऊन पळते."

मी काही बोललो नाही. बोलायला मला तोंड कुठे होते? तिला पुढच्या बाकावर पाय सरळ करून बसायला सांगितले आणि गुडघ्याखाली माझ्या टॉवेलची गुंडाळी दिली. मंगळवारी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. सकाळी आठ वाजता आम्ही दोघे, तिची आई आणि माझी ती दोन रकान्यांची वही, असे केसपेपरच्या रांगेत उभे होतो. नंबर एकशे सोळावा लागला.